गरम हातांची माणसं

बैठक सुकवणीच्या खोलीत घ्यायची हे सासूबाईंनी ठरवलं, आणि त्यांनी एकदा ठरवल्यावर त्यापुढे ब्र काढायची घरात पद्धत नव्हती. गादीच्या खोळीतला ढेकूण जिथे तासाभरात मान टाकतो तिथे फ्लूची काय बिशाद, असं त्यांचं म्हणणं. बोलूनचालून लॉन्ड्रीवाल्यांचं घर. तीन पिढ्या वाफेवर पोसलेल्या या माणसांचा वाफेवर जेवढा विश्वास होता, तेवढा डॉक्टरांचा स्वतःच्या औषधावरही नसेल.

खोली लांबट होती. छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, दोऱ्यांवर दवाखान्याच्या चादरी आणि भिंतींच्या कडेनं खोली तापवणारे गरम पाण्याचे नळ. धाकट्या मुलानं खिडक्या घट्ट लावून घेतल्या, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला आणि पाच स्टुलं मांडली. चादरी अजून दमट होत्या, म्हणून त्या काढल्या नाहीत. मग ज्याला जिथे गल्ली सापडली तिथे तो बसला. थोरली सून इस्त्रीचं काम आटोपून सगळ्यांच्या शेवटी आली, तेव्हा तिला माणसं दिसलीच नाहीत. सगळीकडे पांढरं, संथ हलणारं कापड आणि त्याखाली पाय.

पण पायांवरून माणसं ओळखायला तिला एकोणीस वर्षं मिळाली होती. बॉयलरपाशी तापून वाकडे झालेले बूट तिच्या नवऱ्याचे. मऊ सपाता सासूबाईंच्या. एका जागी ठरत नव्हते ते पाय धाकट्या दिराचे. गाडी चालवून चालवून त्याला स्टुलावरही ब्रेक सापडत नसे. आणि भिंतीकडेचे, सुजून चपलेबाहेर आलेले पाय धाकट्या जावेचे. सातवा महिना होता. थोरलीनं त्या पायांवरून नजर काढून घेतली. सुरुवातीपासून ती हेच करत आली होती.

हेवा हा शब्द तिनं मनातसुद्धा कधी पुरता उच्चारला नव्हता. तिची दोन बाळं गेली, एक पाचव्या महिन्यात आणि एक जन्मल्यावर तीन तासांनी, आणि त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही. धाकटीला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवशी थोरलीच्या मनात असं काही येऊन गेलं, की तिला स्वतःचीच भीती वाटली. आपला हात लागला तर त्या पोटाला काहीतरी होईल, असं तिच्या मनानं घेतलं. तसं कुणी म्हटलं नव्हतं. तिचं तिनंच ठरवलं होतं, त्यामुळे समजूत घालायलाही कुणी आलं नाही. तेव्हापासून ती धाकटीला चहाचा कप हातात देत नसे, टेबलावर ठेवत असे.

ती दाराजवळच्या रिकाम्या स्टुलावर बसली. खोलीत साबणाचा आणि तापलेल्या सुताचा वास होता. झरोक्यातून येणारा दुपारचा उजेड चादरींतून गाळून येताना दुधासारखा होत होता, आणि त्या उजेडात बोलणी कुठून येताहेत तेच कळत नव्हतं. झोपेत कुणी आपल्याबद्दल बोलतंय असं वाटावं, तसं तिला वाटत होतं.

विषय सगळ्यांना ठाऊक होता. गावात साथ येऊन तीन आठवडे झाले होते, आणि साथीपेक्षा भीतीचे पाय लांब. शाळा बंद झाल्या. समोरचा बेकरीवाला पाव चिमट्यानं देऊ लागला आणि पैसे मात्र हातानं घेऊ लागला. औषधाच्या दुकानातले थर्मामीटर दोन दिवसांत संपले, कारण एकेका घरानं पाच-पाच नेले. न्हाव्यानं म्हणे सात नेले, आणि त्याच्या घरात माणसं तीन. लॉन्ड्रीवरून जाताना लोक श्वास रोखून धरत. कोपऱ्यापर्यंत जाऊन मग सोडत, आणि लाल चेहऱ्यानं पुढे जात. परवा कुणीतरी दारावर कागद चिकटवला होता: इथे दवाखान्याचे कपडे धुतात, आपापलं सांभाळा.

बैठक होती ती या कागदासाठी. दवाखान्याची गाठोडी घ्यायची की थांबवायची.

मामंजी गेल्यापासून दोघे भाऊ एका खोलीत असे बसले नव्हते. चुली वेगळ्या झाल्या, जिने वेगळे झाले, एक बॉयलर तेवढा दोघांत राहिला. आज ते बसले, तेही मध्ये दोन चादरी ठेवून. थोरल्याचं म्हणणं सरळ होतं. तीस वर्षं आपण त्या चादरी धुतो आहोत. उकळत्या पाण्यातून निघालेली चादर दुकानातल्या नव्या कापडाहून स्वच्छ असते. गाठोडं उघडताना हातमोजे घाला, तोंडाला कापड बांधा, हात धुवा, झालं. लोकांना काय, आज कागद लावतील, उद्या विसरतील.

धाकट्यानं ते उडवून लावलं. रविवारी नगरमंदिरात, म्हणजे गावच्या सभागृहात, सभा झाली तिला तो गेला होता. तीनशे माणसं होती, आणि आपली बाजू मांडायला उभा राहिल्यावर त्याला खाली बसवलं होतं. गाठोडी बंद केली नाहीत तर दारावर कागदाऐवजी कुलूप लागेल, असं त्याचं मत. बोलताना तो मध्येच थांबून घसा साफ करत होता. सासूबाई धाकट्याच्या बाजूनं होत्या. हे नवलच होतं, कारण दवाखान्याचं काम मुळात त्यांनीच आणलेलं. तेव्हाच्या मेट्रनबाईंना त्या स्वतः जाऊन भेटल्या होत्या. पण घरात पाळणा हलायची वेळ आली की माणसाचं धैर्य कमी होतं, असं त्या म्हणाल्या, आणि ‘पाळणा’ म्हणताना त्यांचा आवाज थोरलीच्या दिशेला येऊन परत फिरला.

थोरलीला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नवऱ्याच्या बाजूनं बोलली असती. ते धाकटीला लागलं असतं आणि संध्याकाळपर्यंत दोन जिन्यांवरून चार गोष्टी इकडच्या तिकडे झाल्या असत्या. त्यापेक्षा ती चादरींच्या काठाकडे बघत राहिली. गरम हवेत काठ वर उचलले जात होते आणि खाली येत होते, आणि तिचे डोळे जड झाले.

“आई, नळ जरा वाढवता येईल का?” धाकटीचा आवाज आला. “मला थंडी वाजतेय.”

पहिल्यांदा सगळे हसले. थोरला म्हणाला, की आता नळ वाढवला तर आपल्यालाच घडी घालून कपाटात ठेवावं लागेल. खोलीत प्रत्येकाच्या कपाळावरून घाम ओघळत होता, चेहरे लालबुंद झाले होते. धाकटीचाही लाल होता, म्हणून तो कुणाला वेगळा दिसला नाही. सासूबाई मात्र उठल्या, चादर बाजूला सारून तिच्यापाशी गेल्या आणि कपाळावर हात ठेवला.

“काही नाही. गार आहे,” त्या म्हणाल्या. “पोटुशी बाईला असं व्हायचंच.”

धाकट्यानं हात लावून बघितला, त्यालाही गार लागलं. थोरल्यानं दिराच्या मर्यादेनं नुसती मनगटाला बोटं लावली आणि तोही म्हणाला, ठीक आहे. तिघांचे निर्वाळे मिळाले, आणि बैठक पुन्हा गाठोड्यांवर आली.

थोरलीची झोप तिथे उडाली. तिनं स्वतःचे हात उलटे करून पाहिले. या घरात कुणाचाच हात खरा नव्हता. उकळत्या पाण्यातून कपडे उपसून, तापल्या इस्त्रीखालून काढलेल्या घड्या उचलून सगळ्यांचे तळवे जाड झाले होते, आणि नेहमीच एवढे गरम, की दुसऱ्याचं अंग त्यांना थंडच लागायचं. तिच्या दुसऱ्या बाळंतपणात याच हातांनी तिचंही कपाळ बघितलं होतं. तेव्हाही ते गारच निघालं होतं. दोन दिवसांनी डॉक्टर आले, तेव्हा ताप डोक्यात गेला होता.

ती उठली. चादरी बाजूला करत करत ती भिंतीपर्यंत गेली, आणि ते पाच-सात पावलांचं अंतर तिला फार लांब वाटलं. धाकटी भिंतीला टेकून बसली होती. अंगाभोवती तिनं एक दमट चादर गुंडाळून घेतली होती आणि तिचे दात वाजत होते. तोंड उघडं ठेवून ती लहान लहान श्वास घेत होती. थोरली तिच्यासमोर उभी राहिली. हात लावू नकोस, असं तिचं मन म्हणालं.

इस्त्रीवाल्यांना कापडातली ओल हातानं कळत नाही. ती गालानं बघायची असते. रोज तीनशे चादरी ती अशा गालाला लावून बघत असे. तिनं धाकटीचे केस मागे सारले, वाकली आणि तिच्या कपाळाला गाल लावला.

चटका बसला.

“हिला ताप आहे,” थोरली म्हणाली. “चांगलाच आहे. केव्हापासून थंडी वाजतेय गं?”

“काल दुपारपासून,” धाकटी म्हणाली. “मला वाटलं, जिना चढल्यामुळे.”

मग सासूबाई म्हणाल्या, हीच ती गाठोडी. घरात आणली, आणि भोगायचं कुणाच्या वाट्याला आलं. थोरली दाराशी गेली, फटीतला टॉवेल पायानं ओढून काढला आणि दार सताड उघडलं. मग खिडक्या. बाहेरची हवा आत आली आणि खोली एकदम जागी झाल्यासारखी झाली. तिनं सगळ्यांना तोंडाला कापड बांधायला सांगितलं, आणि गाडी काढायला सांगितली. दवाखान्यात जायचं.

यावर मात्र सगळे एक झाले. वर्षानुवर्षं ज्यांचं कशावर जमलं नाही त्यांचं जमलं. सासूबाई म्हणाल्या, सगळा गाव जिथून पळतोय तिथे पोटुशी बाईला न्यायचं? एक औषधाची गोळी देऊ, गरम पाणी देऊ, चार दिवसांत उतरेल. धाकट्यानं मान हलवली. आणि थोरला, जो अर्धा तास दवाखान्याची वकिली करत होता, तो पण बुटांकडे बघत म्हणाला, की चादरींची गोष्ट वेगळी आणि माणसाची वेगळी. थोरलीला नवऱ्याचा राग आला नाही, वाईट वाटलं. घाबरल्यावर माणूस किती पटकन आपल्या आईचा होतो, असं तिला वाटलं.

“चादरींना आपण पुरे पडतो,” ती म्हणाली. “उकळल्या की झालं. माणसाला उकळता येत नाही. हिला डॉक्टर लागेल, आणि आजच लागेल.”

“आणि तिथे काही झालं तर?” सासूबाईंनी विचारलं. “बाळाला काही झालं तर जबाबदार कोण?”

“मी,” थोरली म्हणाली. “घरी ठेवून माझ्या वेळी झालं, आई. तेव्हा कुणी विचारलं नाही जबाबदार कोण.”

एकोणीस वर्षांत ती असं बोलली नव्हती. सासूबाई मागे सरकून स्टुलावर बसल्या, आणि पहिल्यांदाच त्या म्हाताऱ्या दिसल्या. बोलला तो धाकटा. त्याचा आवाज इतका खाली गेला होता, की थोरल्याला पुढे वाकावं लागलं.

“गाठोड्यांतून नाही आलं ते,” तो म्हणाला. “मी आणलं.”

सोमवारी रात्रीपासून त्याचं अंग मोडून आलं होतं. गोळ्या खाऊन तो गाडी चालवत राहिला. नगरमंदिरात त्या रविवारी वाऱ्याची भीती म्हणून सगळी दारं लावून घेतली होती, माणसं एकमेकांना खेटून दोन तास ओरडत होती, आणि मागच्या रांगेतला एक जण त्याच्या मानेवर सारखा खोकत होता. फ्लूपासून गाव कसं वाचवायचं, यावर सभा होती. गाठोड्यांना तर तो आठवडाभर शिवलाही नव्हता. भीतीनं काठीनं ढकलून ती गाडीत घालत होता. घरी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, फ्लू लॉन्ड्रीतच निघाला. रात्री तो बायकोशेजारीच झोपत होता.

थोरल्यानं मधली चादर दोरीवरून ओढून काढली, आणि दोघे भाऊ एकमेकांना दिसले. थोरला म्हणाला, की तू ताप घेऊन गाडी चालवायची नाहीस, किल्ली दे. धाकट्यानं किल्ली दिली. मामंजींच्या मागे त्या दोघांनी एकमेकांना हातात दिलेली ही पहिलीच वस्तू होती.

गाडीत मागे चादरींच्या थप्प्या ठेवायची जागा होती, तिथे त्यांनी धाकटीला टेकवून बसवलं. काचा खाली होत्या. रस्ते मोकळे, दुकानांच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या, आणि ऊन इतकं मऊ की गाव दुपारची झोप घेतंय असं वाटावं. लॉन्ड्रीची गाडी बघून एका बाईनं नाकाला पदर लावला. धाकटी डोळे मिटून होती. मध्येच ती म्हणाली, की ढगातून चाललोय का आपण, आणि थोरलीनं हो म्हटलं. धाकटीचं डोकं वळणावर घरंगळलं, तेव्हा थोरलीनं ते खांद्यावर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत तिथेच राहू दिलं.

दवाखान्यात धावपळ नव्हती. तिला वाटलं होतं तसं काहीच नव्हतं. लांब खोली, सगळ्या खिडक्या उघड्या, खाटा दूर दूर, आणि नर्स हळू आवाजात बोलत होत्या. डॉक्टरीणबाई लहानखुऱ्या, बोलायला तुटक. त्यांनी धाकटीच्या बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला, नाकाला प्राणवायूची नळी लावली, पहिली गोळी समोर गिळायला लावली. मग पोटावर यंत्र फिरवलं. बराच वेळ नुसती खरखर आली. थोरलीचा नवरा खिडकीबाहेर बघत उभा राहिला. मग खरखरीच्या आतून एक भराभर पळणारा आवाज बाहेर आला, आणि डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली.

“बाळ ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “आईच्या छातीत थोडं उतरलंय. हे औषध पहिल्या दोन दिवसांत दिलं तरच नीट लागू पडतं. उद्या आणलं असतंत तर मी इतक्या निवांत बोलत नसते. कुणी ओळखलं?”

थोरल्यानं बायकोकडे बोट दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, थर्मामीटर मिळाला वाटतं तुम्हाला कुठे. थोरली म्हणाली, नाही, मिळाला नाही, आणि जास्त काही सांगितलं नाही.

तिला घरी फोन करायला लावलं. बंद खोलीत एकत्र बसलेल्या प्रत्येकानं आता पाच दिवस वेगवेगळं राहायचं, खिडक्या उघड्या ठेवायच्या, दम लागला तर वाट बघायची नाही. फोन सासूबाईंनी उचलला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही टोकलं नाही. धाकट्याला वरच्या खोलीत एकटं झोपवलंय, त्याच्या दाराबाहेर पाणी ठेवलंय, असं त्यांनी सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, की सकाळी गाठोडी येतील ती कुठे उतरवून घ्यायची. थोरलीनं सांगितलं, मागच्या दारी, नेहमीसारखी.

मग तिला तोंडाला पट्टी बांधून खाटेपाशी पाच मिनिटं सोडलं. धाकटी डाव्या कुशीवर होती. पडद्यातून वारा येत होता आणि औषधानं की थकव्यानं, तिचे डोळे अर्धे मिटलेले होते. थोरली उभीच राहिली. इथे टेबल नव्हतं, हातात कप नव्हता, मध्ये ठेवायला काहीच नव्हतं.

“मला तुझा हेवा वाटायचा,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून. अजूनही वाटतो. माझा हात लागला तर बाळाला काही होईल, असं वाटायचं. म्हणून मी लांब राहिले.”

धाकटीनं डोळे उघडले नाहीत. ऐकलं की नाही, ते थोरलीला कळेना. नळीतून हवा येण्याचा बारीक आवाज होत होता.

“माहीत होतं मला,” धाकटी म्हणाली. “एवढं कुणाला लपवता येतं का, ताई? पण ताप तुम्हालाच दिसला.”

तिनं पांघरुणाखालून हात काढला, थोरलीचं मनगट धरलं आणि तो जाड, गरम तळवा स्वतःच्या पोटावर ठेवला. थोरलीला वाटलं, काहीतरी होईल. आतून एक लहानशी ढुशी आली, मग दुसरी, आणि दुसरं काहीच झालं नाही.

दाराशी नर्स म्हणाली, वेळ संपली, आता बाहेर या. एकोणीस वर्षांत थोरलीनं कुणाकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. तिनं मान वळवली आणि आणखी पाच मिनिटं मागितली.